तीन पायऱ्यांना रॅम्प किती लांब?

मागच्या अंकात मी कॉलेजात शिकणाऱ्या, किंवा शिकू पाहणाऱ्या अपंग वाचकांची पत्रं मागवली होती. एकतीस आली. सहा इथे घेते, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. बाकीच्यांना पोस्टाने लिहीन, पण माझं अक्षर सहन करावं लागेल.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी: तालुक्याच्या एका गावी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. शेवटची चौदा वर्षं तिथला अपंग विद्यार्थ्यांचा कक्ष सांभाळला. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, आधी तिथे एन.सी.सी.चे बूट ठेवत. मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे धातूचा आधार, आहे. मी स्वतःला अपंग म्हणते, ती माझी जुनी सवय. तुम्ही अर्जात मात्र ‘दिव्यांग’च लिहा, नाहीतर खिडकीवरचा माणूस तेवढ्यावरून अर्ज परत करतो.

मी वायरमन होतो. पाच वर्षांपूर्वी खांबावरून पडलो, आता चाकाच्या खुर्चीवर आहे. वय 36. बारावी 2007 ला झाली. बी.ए. करावंसं वाटतं. वयाची अडचण येईल का? मुक्त विद्यापीठातूनच करावं का? घरचे म्हणतात, आता शिकून काय करणार. — एक वाचक, तासगाव तालुका

बी.ए.ला तशीही वयाची आडकाठी नसते. जिथे असते तिथे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पाच वर्षांची सूट दिलेली आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागाही राखीव आहेत. त्यासाठी अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. यू.डी.आय.डी. कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा, पुढे प्रत्येक दारात तेच मागतील. मधल्या वर्षांसाठी कॉलेज गॅप सर्टिफिकेट मागेल. त्यात ‘अपघात’ एवढंच लिहा, कहाणी लिहू नका.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे आणि त्याची पदवी नोकरीला चालते. घराबाहेर पडणं अशक्य असेल तर बेलाशक तिथे जा. पण परीक्षा केंद्र कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, ते प्रवेशाआधी विचारा. तिथे पायऱ्या निघाल्या की घरबसल्या शिक्षणातलं घरबसलं तेवढं उरतं.

माझं मत विचाराल तर आधी जवळचं कॉलेज बघून या. पाच वर्षं घरात काढलेल्या माणसाला पदवीइतकीच कॅन्टीनची गरज असते. जाताना मोजायची टेप न्या आणि टेप धरायला कोणीतरी न्या.

रॅम्पचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. पायरी सहा इंचांची धरली तर तीन पायऱ्यांचे अठरा इंच, म्हणजे रॅम्प अठरा फूट हवा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला सहा फुटांचा दिसेल. त्यावर चढताना दोघांनी ढकलावं लागतं आणि उतरताना देवाचं नाव घ्यावं लागतं. आमच्याकडे तपासणी समिती यायची होती तेव्हा एका रात्रीत रॅम्प झाला. लांबी बरोबर होती. सकाळी पाहिलं तर त्याचं वरचं टोक थेट भिंतीला टेकलेलं, खुर्ची वळवायला जागाच नाही. समितीने फोटो काढला, चहा घेतला, गेली. तेव्हा वरच्या टोकाला खुर्ची पूर्ण वळते का तेही बघा. वर्गाचं दार मोजा, 90 सेंटिमीटर मोकळं हवं.

मग संडास बघा. हे लिहायला कोणी तयार नसतं, म्हणून मी लिहिते. दार बाहेर उघडतं का? आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागत नाही. भिंतीला धरायला दांडा आहे का? तुम्ही कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, वापरत असाल तर कडी लागणारी खोली आणि आतच हात धुवायची सोय हवी, ते स्पष्ट सांगा. लाजू नका. मी लाजले. बी.ए.ची तीन वर्षं मी सकाळी सातनंतर पाणी प्यायले नाही, कारण मुलींचं स्वच्छतागृह मागच्या आवारात सात पायऱ्या उतरून होतं. दुपारी घरी येऊन उभ्याउभ्या तांब्या रिकामा करायची. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी माझी ओळख तेव्हापासूनची आहे.

आता महत्त्वाचं. ‘अपंगांसाठी तुमच्याकडे काय आहे?’ असं प्राचार्यांना विचारू नका. उत्तर येतं, ‘सगळं आहे’ किंवा ‘निधी आला की करू’. तुम्हाला काय लागतं ते सांगा. लिफ्ट मागितलीत तर पाच वर्षं जातील. वेळापत्रक मागा. तुमचे वर्ग तळमजल्यावर भरवायला कॉलेजला एक रुपया लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्या सरांना एक दुपार बसावं लागतं. मी चौदा वर्षांत लिफ्ट एकही आणू शकले नाही. वर्ग मात्र अकरा वेळा खाली आणले.

घरच्यांना एवढंच सांगा की सरकारी नोकऱ्यांत आपल्याला 4 टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जागांना पदवी लागते.

मला दिसत नाही. मोबाइल आणि कॉम्प्युटर ऐकून वापरते. मराठी विषय आहे. सर नोट्सच्या पी.डी.एफ. पाठवतात, पण स्क्रीन रीडर त्या वाचतच नाही, काहीतरी इंग्रजी अक्षरं बडबडतो. मैत्रिणी वाचून दाखवतात, पण किती दिवस? — बी.ए. भाग 2, कोल्हापूर जिल्हा

अगं, तुझा स्क्रीन रीडर बिचारा बरोबर वाचतोय. तुझ्या सरांच्या नोट्स श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असणार. त्या फॉन्टमध्ये ‘क’ डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण फाइलच्या पोटात तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. डोळे फसतात, यंत्र फसत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं तर ‘क’ हा ‘क’च असतो.

सरांना ‘मला वाचता येत नाही’ असं सांगू नकोस. ते हळहळतील आणि काही करणार नाहीत. त्यांच्यासमोर बसून त्यांचीच फाइल मोठ्या आवाजात ऐकव. आमच्या मराठीच्या सरांना मी असं ऐकवलं होतं. ज्ञानेश्वरीवरची टिपणं होती, आणि यंत्र ‘डॉलर, कंस, पी, एच’ म्हणत सुटलं. सर आधी हसले, मग गप्प झाले, आणि त्या दिवाळीत मुलाकडून युनिकोड शिकले. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर असतात, मात्र जोडाक्षरं कधीकधी बिघडतात, तेवढी कोणाकडून तरी तपासून घे. पानांचा फोटो काढून पी.डी.एफ. केली असेल तर गोष्ट वेगळी. त्यात अक्षरच नसतं, नुसतं चित्र असतं. ती ओ.सी.आर.मधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्रणेतून, काढावी लागते. गुगल ड्राइव्हमध्ये मराठीचं ओ.सी.आर. होतं. छपाई स्वच्छ असेल तर चांगलं होतं, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर देव जाणे.

कॉम्प्युटरवर एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर वापरत असशील, ते फुकट आहे आणि मराठी बोलतं. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदव. ते 2016 ला सुरू झालं, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे, मराठी पुस्तकंही आहेत. मुंबईला येणं-जाणं असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून दृष्टिहीनांसाठी मोठं संसाधन केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन ये. आणि ग्रंथपाल ‘पुस्तक स्कॅन करणं म्हणजे चोरी’ म्हणाले तर सांग की 2012 च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देणं कॉपीराइट कायद्यात बसतं. आमचे ग्रंथपाल हे ऐकून इतके खूश झाले की स्वतःच स्कॅन करायला बसले. माणसं वाईट नसतात, नियमाला घाबरलेली असतात.

परीक्षेचं तू विचारलं नाहीस, तरी एक सांगते. लेखनिक, म्हणजे तू सांगशील ते पेपरात लिहिणारा, तुझ्या विषयाचे शब्द आधी ऐकलेला असू दे. विषयागणिक वेगळा लेखनिक घेता येतो, भाषांच्या पेपरला तर घ्यावाच. आमच्या एका विद्यार्थिनीने अर्थशास्त्राच्या पेपरला तीन तास ‘सीमांत उपयोगिता’ सांगितलं. लेखनिक मुलाने प्रामाणिकपणे सगळीकडे ‘श्रीमंत उपयोगिता’ लिहिलं. बावीस वेळा. परीक्षकांना काय वाटलं असेल कोण जाणे, मार्क मात्र पास होण्यापुरते दिले. तेव्हापासून परीक्षेआधी आठ दिवस आम्ही लेखनिकांची शुद्धलेखनाची शाळा भरवायचो. समोसा कॉलेजचा.

शिष्यवृत्ती नेमकी कुठे भरायची? एक म्हणतो महाडीबीटी, एक म्हणतो केंद्राचं पोर्टल. — डिप्लोमा विद्यार्थी, जालना

राज्याची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, केंद्राची नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, रकमा ताडून एक निवड. तुझा डिप्लोमा तंत्रशिक्षणाचा आणि ए.आय.सी.टी.ई. या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचा मान्य असेल तर ‘सक्षम’ शिष्यवृत्ती आधी बघ: वर्षाला 50,000 रुपये, अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. अर्ज केंद्राच्याच पोर्टलवर.

पैसे अडतात ते नावावरून. दहावीच्या मार्कलिस्टवर, आधारवर आणि यू.डी.आय.डी.वर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आज रात्री तिन्ही कागद शेजारी ठेवून बघ. आधार बँक खात्याला जोडलंय का तेही बघ. माझ्या कक्षातल्या दहा अडलेल्या अर्जांतले आठ एखाद्या जास्तीच्या ‘ए’मुळे अडलेले असत.

मुलाला डिस्लेक्सिया आहे. दहावी-बारावीला सवलत मिळाली. आता बी.कॉम.ला घातलंय, तर कॉलेज म्हणतं शाळेचं सर्टिफिकेट इथे चालणार नाही. तो पुढच्या महिन्यात अठराचा होईल. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून का? — एक आई, बार्शी

हो, एकदा पुन्हा. पण ही शेवटची वेळ. अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातच येतो) प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी घ्यायचं असतं, आणि अठराव्या वर्षीचं जन्मभर चालतं. म्हणून वाढदिवस होऊ द्या, मग जा. आधी काढलंत तर परत खेप पडेल. जुने रिपोर्ट, शाळेच्या वह्या, दहावीचं सवलतीचं पत्र सगळं बरोबर न्या.

ऑफिसात कोणी ‘हे काही अपंगत्व नाही, मुलगा तर धडधाकट दिसतो’ म्हणालं तर वाद घालू नका. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात हे नव्हतं. 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यात हे आहे. पुष्कळ क्लार्क अजून सातच्या यादीत राहतात.

तुम्ही पत्रात चार वेळा ‘सवलत’ लिहिलंय. मी तो शब्द वापरत नाही. सवलत एस.टी.त मिळते, तिकीट कमी पडतं. तासाला 20 मिनिटं जादा मिळाल्याने मुलाचा पेपर सोपा होत नाही, प्रश्न तेच असतात. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटं. आणि हा वेळ लेखनिक घेतला तरच मिळतो असं नाही. ज्याला स्वतः लिहायचंय त्यानेही तो मागावा. कॉमर्सला अकाउंट्समध्ये आकडे उलटे पडतात, तिथे लेखनिकापेक्षा वेळच जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. 40 टक्क्यांखाली असलेल्यांनाही लिहिण्याची अडचण असेल तर लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकाश कुमार खटल्यात सांगितलंय. त्यावर केंद्राने 2022 मध्ये नियमही काढले. लेखनिकाचं शिक्षण किती असावं हे मात्र बदलत असतं, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं चालू परिपत्रक परीक्षा विभागातून मागून घ्या.

अर्ज जूनमध्ये करा. मार्चमध्ये नाही. मार्चमध्ये परीक्षा विभागातला माणूस प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली गाडलेला असतो, तेव्हा तुमचा मुलगा त्याला संकट वाटतो. जूनमध्ये तो पंख्याखाली बसलेला असतो. अर्जात तीनच गोष्टी: किती जादा वेळ, लेखनिक हवा की नको, बसायची खोली तळमजल्यावर की चालेल तशी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक मुलाने स्वतः घ्यावा. तुम्ही बाहेर बाकावर बसा. अठरा वर्षं तुम्ही त्याच्या वतीने बोललात, आता त्याचं बोलणं अडखळलं तरी अडखळू द्या.

आणि एवढं करून कोणी दाद दिली नाही, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे तक्रारीला पहिला कागद तोच लागतो, आवक क्रमांकाचा.

मुलगी कर्णबधिर आहे, ओठ वाचते. बारावी झाली. कॉलेजात खुणांची भाषा येणारं कोणी नाही. काय करावं? — एक वडील, चिपळूण

दुभाषा मागा. लेखी मागा, नाही म्हटलं तरी मागा. कोणी मागतच नाही म्हणून कोणी ठेवत नाही. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, 1983 पासूनची. भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषांबद्दल तिथे विचारा.

तोवर पुढच्या बाकावर बसवा, पण खिडकीच्या समोर नको. शिक्षकांच्या पाठीमागून उजेड आला की ओठ दिसत नाहीत. शिक्षकांना सांगा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आमच्या एका प्राध्यापकांनी एका मुलीसाठी मिशी कापली होती. बायको महिनाभर बोलत नव्हती, पण मुलगी सेकंड क्लासमध्ये पास झाली. मोबाइलवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं ॲप मराठी बोलणं लिहून दाखवतं. चुकतं, तरी पुष्कळ कळतं. मोबाइल वर्गात बाकावर ठेवायची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घ्या, नाहीतर कोणीतरी जप्त करेल. दुसरी-तिसरी भाषा जड जात असेल तर तिच्यातून सूट मागता येते, कायद्यात तसं आहे. पण इंग्रजी सोडायच्या आधी मुलीला विचारा, तिला नोकरी कुठली हवीय.

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. वय 22. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हापासून घरी आहे. न्यू जर्सीचा भाचा सांगतो, तिकडे अशी मुलं विद्यापीठात जातात, होस्टेलला राहतात. आपल्याकडे असं काही आहे का? — एक आई, नाशिक

भाचा खरं सांगतो. तिकडे 2008 च्या एका कायद्यानंतर अशा मुलांसाठीच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांना सरकारी आर्थिक मदत मिळू लागली. मुलं काही वर्गांत इतरांबरोबर बसतात, बस पकडायला, पैसे हाताळायला, नोकरी करायला शिकतात. पदवी मिळतेच असं नाही. आपल्याकडे तशी सरसकट वाट नाही, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कायदा मुलांना अठरा वर्षांपर्यंत शाळा देतो, आणि अठराव्या वाढदिवसाला दार लागतं.

जे आहे ते असं. मुक्त शाळेत, म्हणजे एन.आय.ओ.एस.मध्ये, पाच वर्षांत एकेक विषय सोडवत जाता येतं, आणि तिथले व्यावसायिक अभ्यासक्रमही आहेत. राष्ट्रीय न्यास ही अशा मुलांसाठीची केंद्राची संस्था, तिच्या 1999 च्या कायद्याखाली तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत किंवा दवाखान्यात सही कोणाची हा प्रश्न उभा राहतोच, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. त्याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, 1 लाखापर्यंतची. ही कामं आधी करा.

आणि मग जवळच्या कॉलेजात जाऊन विचारा. अभ्यासक्रम मागू नका, आठवड्यातले दोन दिवस मागा. आमच्याकडे असाच एक चोवीस वर्षांचा मुलगा यायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी. नियमात कुठेच बसत नव्हता. प्राचार्यांनी मस्टरवर त्याचं नाव पेन्सिलने लिहू दिलं. ग्रंथालयात नवीन पुस्तकांवर शिक्के मारायचं काम त्याला दिलं. पहिल्या पानावर एक, शेवटच्यावर एक, आणि आमच्या ग्रंथालयाचं गुप्त पान सतरावं. पुस्तक हरवून दुसरीकडे सापडलं तर आम्ही सतरावं पान उघडून बघायचो.

पहिला महिना शिक्के उलटे पडले. ग्रंथपालांनी शिक्क्याच्या मुठीवर वरच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. मग एकही उलटा पडला नाही. दुपारी तो कॅन्टीनमध्ये स्वतःच्या पैशाने चहा घ्यायचा. दहाची नोट देऊन तीन रुपये परत घ्यायचे, हे त्याला त्या कॅन्टीनवाल्याने शिकवलं. रोज मुद्दाम एक रुपया कमी द्यायचा आणि हा भांडेपर्यंत वाट बघायचा.

तुमच्या मुलीला काय आवडतं ते पत्रात लिहिलेलं नाही. ते कळवा, मग कुठल्या कॉलेजात कोणाला भेटायचं ते बघू. नाशिकला माझे दोन जुने विद्यार्थी शिकवतात, त्यांना मी आजच फोन करून ठेवते.